जुन्या मालिका नव्या डिस्कवर येताना त्यांची चौकट का बदलावी?

चौकटप्रेमी
मंडळी, 'द वायर' या अमेरिकी मालिकेचा ब्लू-रे संच घ्यावा की जवळ असलेला जुना डीव्हीडी संचच जपून ठेवावा, या विचारातून हा धागा काढत आहे. ही मालिका २००२ ते २००८ या काळात एचबीओवर दाखवली गेली. तिचे चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झाले, पण पाचही पर्वांची दृश्यरचना ४:३ या, जुन्या टीव्हीच्या चौकोनी वळणाच्या पडद्यासाठी केलेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये एचबीओने तिची एचडी आवृत्ती १६:९ या, आजच्या रुंद टीव्हीच्या मापात दाखवली आणि २०१५ मध्ये तीच आवृत्ती ब्लू-रेवर आली. मूळ चौकटीतली मालिका डिस्कवर हवी असेल तर आजही डीव्हीडीच शोधावी लागते.

पहिल्याच भागात एक साधा प्रसंग आहे. वी-बे हा टोळीतला मुरलेला माणूस तरुण डीअँजेलोला गाडीत धंद्याविषयी बोलायचे नाही, हा नियम बजावतो. दोघे खाण्याच्या दुकानाबाहेर उभे आहेत. वी-बेच्या डोक्यावर 'बर्गर्स' असे निऑन अक्षरांत लिहिलेले आहे आणि अजून डळमळीत असलेल्या डीअँजेलोच्या डोक्यावर 'चिकन'. अमेरिकेत भित्र्या माणसाला काय म्हणतात हे ठाऊक असेल तर दिग्दर्शनामागचा हेतू लगेच कळतो. ४:३ मध्ये पडद्यावर दोन माणसे आणि दोन शब्द एवढेच दिसते. १६:९ मध्ये डावीकडे आणखी निऑन पाट्या येतात आणि नजर पसरते. मालिकेचे कर्ते डेव्हिड सायमन यांनी २०१४ मध्ये याच प्रसंगाचे उदाहरण देऊन आपली खंत लिहून ठेवली आहे.

माझे मत असे की वाहिनीने काय दाखवावे हा त्या दिवसापुरता प्रश्न असतो, पण डिस्क ही कपाटात राहणारी, पुढच्या पिढीच्या हाती जाणारी प्रत आहे. निदान तिच्यावर तरी मूळ चौकट असलीच पाहिजे. तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

मुळाकाठ
चांगला विषय. मी ब्लू-रेवरच 'द वायर' पाहिली आणि मला काही खटकले नाही, कारण मूळ पाहिलेलेच नव्हते. ४:३ चे १६:९ करताना नेमके काय करतात? कडेला जास्त चित्र कुठून येते? हे कोणी जाणकाराने सांगितले तर चर्चा समजायला सोपी जाईल.

फिल्मवाला_गोरेगाव
मी बरीच वर्षे कॅमेरा विभागात काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

पहिला प्रकार सरळ कापण्याचा. चित्राची रुंदी तेवढीच ठेवायची आणि वरचा-खालचा भाग छाटायचा. गणित साधे आहे : ४:३ चे १६:९ करताना उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो. बसलेल्या माणसाचे हात, टेबलावरचे पत्र, डोक्यावरची मोकळी जागा हे सगळे त्या चतुर्थांशात असते.

दुसरा प्रकार फिल्मच्या रुंदीचा फायदा घेण्याचा. ३५ मिमी फिल्मवर पूर्वी ध्वनिपट्टीसाठी एका कडेची जागा सोडलेली असे. टीव्हीसाठी चित्रीकरण करताना ती जागा, आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूचाही थोडा भाग, प्रेक्षकाला दाखवायचाच नाही असे धरून काम चाले. नव्याने स्कॅन करताना तो भागही उचलता येतो. पण निगेटिव्हचा आकारच मुळात ४:३ च्या जवळचा असल्याने केवळ कडा वाढवून १६:९ होत नाही, थोडे वरखालीही कापावेच लागते. काही मालिका फिल्म वाचवण्यासाठी थ्री-पर्फवर, म्हणजे दर फ्रेमला कडेची चारऐवजी तीनच छिद्रे वापरून, चित्रित होत. त्यांची फ्रेम आपसूकच रुंद असल्याने तिथे कापाकापी कमी होते.

तिसरा प्रकार चित्र नुसते ताणण्याचा. तो डिस्कवर सहसा करत नाहीत, तो घराघरातल्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये होतो आणि सगळी माणसे जाडी दिसू लागतात.

एक गोष्ट सेटवरची सांगतो. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये काचेवर रेषा आखलेल्या असतात. त्या रेषांच्या आत जे आहे ते चित्र, बाहेरचे सगळे कामाचे आवार. बूम धरणारा मुलगा त्या रेषेच्या अगदी वर माइक ठेवून उभा असतो, लाइटचा स्टँड रेषेला लागून असतो, पुढच्या प्रवेशासाठी थांबलेला नट तिथेच असतो. पूर्ण निगेटिव्ह उघडून 'तुम्हाला जास्त चित्र दिले' असे जेव्हा सांगतात, तेव्हा त्या आवारातली जागा चित्रात घेतलेली असते.

अनुजा_एडिसन
दोन्ही प्रतिसाद आवडले, तरीही मी चौकटप्रेमींशी असहमत आहे. 'द वायर'च्या बाबतीत अर्धीच गोष्ट सांगितली गेली. एचबीओने सुरुवातीला स्वतःहून काम सुरू केले हे खरे, पण पुढे सायमन यांनी वेळ मागून घेतला आणि ते त्या कामात सहभागी झाले. त्यांनी जे लिहिले त्यात तक्रारीइतकीच मान्यताही आहे. काही प्रसंग रुंद चौकटीत उणावतात, तर काही खुलतात, आणि पर्यायी आवृत्ती म्हणून हिला स्थान आहे, असा त्यांचा एकूण सूर आहे. निर्मात्याने विचारपूर्वक दिलेली संमती आपण प्रेक्षकांनी का नाकारावी?

शिवाय बाल्टिमोरच्या गल्ल्या आणि बंदर मोठ्या पडद्यावर रुंद दिसतात तेव्हा शहर हेच त्या मालिकेतले मुख्य पात्र आहे हे मला अधिक जाणवले. मी दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आहेत आणि दुसऱ्या पर्वासाठी मी ब्लू-रेच निवडते.

चौकटप्रेमी
अनुजाताई, सायमन यांची संमती मी नाकारत नाही. पण तुम्ही वापरलेला 'पर्यायी' हा शब्दच माझ्या बाजूचा आहे. पर्याय म्हणायचा तर मूळही शेजारी उपलब्ध हवे. ब्लू-रेच्या संचात मूळ नाही. फिल्मवरून नव्याने मिळालेली सुस्पष्टता हवी असेल तर चौकट सोडा, चौकट हवी असेल तर सुस्पष्टता सोडा, असा सौदा प्रेक्षकावर लादला गेला आहे.

आणखी एक. त्या मालिकेची दृश्यशैली घडवणारे रॉबर्ट कोल्सबेरी २००४ मध्येच वारले. तिसऱ्या पर्वाच्या सुमारास टीव्हीचे जग रुंद पडद्याकडे वळत होते, पण पहिली दोन पर्वे एका मापात आणि पुढची दुसऱ्या मापात असे होऊ नये म्हणून मालिकेने शेवटपर्यंत ४:३ सोडले नाही. म्हणजे ती चौकट केवळ तंत्राची मर्यादा म्हणून सांभाळलेली नव्हती.

रानवाटा
माझे उदाहरण 'बफी द व्हँपायर स्लेयर'चे. या मालिकेची १६:९ एचडी आवृत्ती २०१४ मध्ये अमेरिकेत दाखवली जाऊ लागली आणि ती ब्लू-रेवर आलेली नाही, याचे मला समाधानच आहे. कडेला कॅमेऱ्यामागची माणसे दिसतात, काही ठिकाणी चेहरे विनाकारण जवळ आणले आहेत. त्याहून मोठा घोळ रंगांचा. दिवसा चित्रित करून नंतर रात्रीचा निळा रंग चढवलेली दृश्ये नव्या स्कॅनमध्ये उजळच राहिली. माझ्या मुलीने पहिल्यांदा पाहताना विचारले, "बाबा, हे रक्तपिपासू भर उन्हात जळत कसे नाहीत?" तिला जुनी डीव्हीडी लावून दाखवली तेव्हा कुठे गोष्टीचा नियम तिला पटला.

मालिकेचे कर्ते जॉस व्हेडन यांनी ४:३ हीच आपली चौकट असल्याचे डीव्हीडीच्या काळातच स्पष्ट केले होते. तरीही युरोपात चौथ्या पर्वापासूनच्या डीव्हीडी रुंद चौकटीत निघाल्या आणि अमेरिकेत त्याच पर्वांच्या डीव्हीडी ४:३ मध्ये निघाल्या. एकाच मालिकेच्या एकाच पर्वाची चौकट तुम्ही कोणत्या देशात दुकानात गेलात यावर ठरली, हे मला फार विचित्र वाटते.

इतिहासमित्र
कथामालिकांविषयी मतभेद होऊ शकतात, पण माहितीपटाच्या बाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही. 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही थेम्स टेलिव्हिजनची २६ भागांची मालिका १९७३-७४ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवली गेली. जेरेमी आयझॅक्स तिचे निर्माते आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे निवेदन. दुसऱ्या महायुद्धाविषयी जे काही टीव्हीवर झाले त्यात तिचे स्थान आजही वरचे आहे. २०१० मध्ये ती ब्लू-रेवर आली तेव्हा संपूर्ण मालिका १६:९ मध्ये कापलेली होती.

या मालिकेचा बराचसा भाग युद्धकाळातल्या मूळ चित्रफितींचा आहे. रणांगणावर, बोटीवर, उद्ध्वस्त शहरात कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी टिपलेले ते पुरावे आहेत. त्यातला वरचा-खालचा चतुर्थांश काढून टाकणे म्हणजे दस्तऐवजाचे समास नव्हे, मजकूरच फाडणे आहे. मुलाखती देणाऱ्या व्यक्तींच्या कपाळावर कात्री चालते ते वेगळेच. शहरावरून जाणाऱ्या विमानांच्या दृश्यात वर आकाश आणि खाली जळणारी घरे असतील, तर कापणाऱ्याला दोन्हींतून एक निवडावे लागते, आणि ही निवड करण्याचा अधिकार २०१० मधल्या तंत्रज्ञाला कोणी दिला, हा माझा प्रश्न आहे. ज्यांच्याकडे त्या मालिकेच्या जुन्या डीव्हीडी आहेत त्यांनी त्या सांभाळाव्यात.

सुमेधा_नाशिक
मी थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. आमच्या घरी मोठा टीव्ही आल्यावर सासूबाईंची पहिली तक्रार होती की एवढे पैसे मोजून दोन्ही बाजूंना काळे का दिसते. ४:३ चे चित्र १६:९ पडद्यावर नीट दाखवले तर पडद्याचा एक चतुर्थांश भाग काळा राहतो. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे आणि चेहरे जितके मोठे तितके त्यांना बरे वाटते. त्यांना चौकटीचे महत्त्व सांगून काय उपयोग? शिवाय आमचा आधीचा प्लाझ्मा टीव्ही होता, त्यावर काळ्या पट्ट्यांचे कायमचे डाग उमटतील अशी भीती तेव्हा सगळ्यांनाच असे. कंपन्या १६:९ का करतात याचे उत्तर अशा घरांमध्ये आहे, आणि ती माणसे चूक आहेत असे मला वाटत नाही.

फिल्मवाला_गोरेगाव
सुमेधाताई, तुमच्या सासूबाईंची गरज खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. झूमचे बटण दाबले की पट्ट्या जातात आणि चेहरे मोठे होतात. मुद्दा असा की ४:३ ची डिस्क घरी कापता येते, पण कापून आलेली डिस्क घरी जोडता येत नाही. म्हणून मूळ चौकट डिस्कवर असेल तर सासूबाई आणि चौकटप्रेमी या दोघांचीही सोय होते.

तर्कट
सगळे जण 'मूळ चौकट' म्हणत आहेत म्हणून एक शंका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्राच्या कडा पडद्याच्या चौकटीमागे जात. प्रत्येक टीव्हीवर कमी-जास्त. म्हणजे १९९० मध्ये कोणत्याही दोन घरांत नेमके तेच चित्र दिसत नव्हते. आज डिस्कवर जे ४:३ मिळते ते तेव्हाच्या प्रेक्षकाने पाहिले त्यापेक्षा कडेने जास्तच असते. मग ज्या चौकटीला आपण एवढे पवित्र मानतो ती कधी अस्तित्वात तरी होती का?

फिल्मवाला_गोरेगाव
तर्कट, शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर कामाच्या पद्धतीतच आहे. कडा दडणार हे सर्वांना माहीत असे, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये आत आणखी रेषा असत. महत्त्वाची हालचाल साधारण ९० टक्के भागाच्या आत आणि अक्षरे ८० टक्क्यांच्या आत ठेवायची असा दंडक होता. म्हणजे थोडेफार कमी-जास्त होणे हे रचनेतच धरलेले होते. उंचीचा २५ टक्के भाग जाईल हे मात्र कोणी धरलेले नव्हते.

आपल्याकडे याची उलट बाजूही मी अनुभवली आहे. वाहिन्या एचडीकडे वळू लागल्या तेव्हा आम्ही मालिका १६:९ मध्ये चित्रित करत होतो, पण बहुतेक घरांत जुनेच टीव्ही होते, म्हणून सगळे 'फोर बाय थ्री सेफ' ठेवा असा आदेश असे. दिवाणखान्यात सोफ्याच्या दोन टोकांना बसलेली सासू-सून भांडताना एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसवाव्या लागत, कारण मधला चौकोन सोडून कोणालाच जाता येत नसे. कडेला फुलदाण्या आणि पडदे. त्या मालिका आज रुंद पडद्यावर पाहिल्या की दोन्ही बाजूंची रिकामी जागा डोळ्यांत भरते. एका चौकटीसाठी रचलेले दुसऱ्या चौकटीत बसवले की काय होते, ते मी दोन्ही दिशांनी पाहिले आहे.

खगोल
या धाग्यावर दोन विज्ञानकथा मालिका यायलाच हव्यात, कारण त्यांत दोन टोके दिसतात.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' १९८७ ते १९९४ या काळात झाली. चित्रीकरण ३५ मिमीवर, पण संकलन आणि विशेष दृश्ये व्हिडिओटेपवर, म्हणजे तयार भाग फक्त ५२५ रेषांच्या व्हिडिओत अस्तित्वात होते. ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्हची रिळे काढून प्रत्येक भाग पुन्हा संकलित केला गेला आणि अंतराळयानांची दृश्ये मूळ फिल्मच्या तुकड्यांवरून नव्याने जोडली गेली. २०१२ ते २०१४ या काळात सातही पर्वे आली. एवढे कष्ट घेताना १६:९ करण्याचा मोह सहज झाला असता. पण मालिका ४:३ मध्येच ठेवली गेली, कारण निगेटिव्हच्या कडांना दिवे आणि उपकरणे दिसत होती आणि विशेष दृश्ये ४:३ साठीच बनलेली होती. कप्तान पिकार्ड आपल्या खुर्चीत बसलेला असताना जहाजाचा तो कक्ष किती तोलून-मापून दाखवला आहे हे त्या डिस्कवर पहिल्यांदा कळते.

दुसरे टोक 'बॅबिलॉन ५'चे. पुढे रुंद टीव्ही येणार या दूरदृष्टीने त्यांनी नटांची दृश्ये रुंद चौकट मनात धरून सुपर ३५ वर, म्हणजे ध्वनिपट्टीची जागाही चित्रासाठी वापरणाऱ्या पद्धतीने, चित्रित केली. पण संगणकावर बनवलेली अंतराळातली दृश्ये आणि त्यांच्याशी जोडलेली नटांची दृश्ये ४:३ मध्येच तयार झाली. डीव्हीडी रुंद चौकटीत काढल्या तेव्हा ही सगळी दृश्ये वरखाली कापून फुगवावी लागली. साध्या संवादात चित्र स्वच्छ, आणि खिडकीबाहेर यान दिसले की सगळे धुरकट. कित्येक वर्षे मी हेच मालिकेचे खरे रूप समजत होतो. २०२१ मध्ये नव्याने केलेली आवृत्ती पुन्हा ४:३ मध्ये आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तीच ब्लू-रेवर निघाली. रुंद चौकटीसाठी चित्रित झालेली मालिकाही शेवटी ४:३ मध्येच एकसंध दिसते हे मला फार बोलके वाटले.

पाऊसवेडी
विनोदी मालिकांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण विनोद नेमक्या जागी असतो. 'साइनफेल्ड'च्या एका भागात रस्त्यातल्या खड्ड्यात जॉर्जच्या किल्ल्या पडतात आणि खड्डा बुजवला जातो. त्या भागाचे नावच 'द पॉटहोल' आहे. २०२१ मध्ये ही मालिका नेटफ्लिक्सवर १६:९ मध्ये आली तेव्हा जॉर्ज आणि जेरी खाली काहीतरी पाहत उभे आहेत आणि खड्डा चौकटीच्या खाली गेला आहे, असे दृश्य प्रेक्षकांना दिसले. जुन्या डीव्हीडीवर खड्डा जागच्या जागी आहे.

'द सिम्पसन्स'मध्ये डफ बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या पिंपांत एकाच नळातून बिअर पडताना दाखवली आहे. चित्र वरून कापले की नळ जातो, पिंपे राहतात आणि विनोद संपतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर हे असेच आले. प्रेक्षकांनी आवाज उठवल्यावर मे २०२० मध्ये मूळ ४:३ चा पर्याय दिला गेला. म्हणजे मागणी केली तर फरक पडतो. या मालिकेच्या पहिल्या डीव्हीडी मूळ चौकटीतच आहेत.

'फ्रेंड्स' स्टार वर्ल्डवर पाहत मोठी झालेली आमची पिढी २०१२ च्या ब्लू-रेवर खूश होती, कारण चित्र खरोखर सुंदर आहे. पण कडा उघडल्यामुळे एखाद्या दृश्यात मुख्य अभिनेत्रीच्या जागी उभी केलेली दुसरीच स्त्री दिसते. आणि डीव्हीडीवर असलेले वाढीव प्रसंग ब्लू-रेवर नाहीत. माझ्या कपाटात म्हणून दोन्ही संच आहेत.

कोल्हापूरचा_पाहुणा
विषय परदेशी मालिकांचा आहे हे मान्य, पण आपल्या जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटांचे यूट्यूबवर जे झाले आहे ते पाहून वाईट वाटते. कित्येक चित्रपट वरखाली कापून १६:९ केलेले, त्यात कोपऱ्यात ठसठशीत बोधचिन्ह. लावणीत पावले दिसत नाहीत! कपाटाच्या खणात बसावी म्हणून पैठणीचे काठ कोणी कापत नाही. यावरही कधीतरी बोलावे.

चौकटप्रेमी
कोल्हापूरकर, तुमची कळकळ पोचली. त्या विषयाला स्वतंत्र धागा हवा, तुम्ही काढाच. पावलांचे तुमचे उदाहरण मात्र इथेही लागू आहे. उभ्या माणसाचे पूर्ण शरीर दाखवणारे दृश्य हे ४:३ चे बलस्थान आहे. 'कुंग फू' ही १९७०च्या दशकातली मालिका डीव्हीडीवर आली तेव्हा तिचे पहिले पर्व असेच वरखाली कापले होते, आणि हातापायांच्या लढतीची मालिका, तिच्यातच हातपाय गेले. पुढची पर्वे मूळ मापात आली, म्हणजे प्रकाशकांनाही ते पटले असावे.

लंडनकर
एक मुद्दा राहून गेला. ज्या मालिका व्हिडिओवरच चित्रित झाल्या त्यांना हा धोका कमी आहे, कारण तिथे कडेला उघडायला काही नसते आणि तिकडच्या व्हिडिओच्या ५७६ रेषांतून चतुर्थांश कापला तर उरलेले चित्र इतके भुरकट होते की कोणी डिस्कवर छापायला धजत नाही. बीबीसीच्या जुन्या 'डॉक्टर हू'चे ब्लू-रे संच ४:३ मध्येच आहेत. त्यातली 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' ही १९७० ची कथा स्टुडिओतल्या संपामुळे पूर्णपणे १६ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती. २०१३ मध्ये तिचा ब्लू-रे फिल्मवरून नव्याने स्कॅन करून निघाला आणि तिथे कात्री चालवणे शक्य असूनही चौकट तशीच ठेवली. कपड्यांचे पोतही दिसते अशी ती प्रत आहे. मूळ चौकट आणि एचडी यांचे वैर नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

अनुजा_एडिसन
मी धागा पुन्हा पूर्ण वाचला. इतिहासमित्रांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, माहितीपटाला कात्री लावू नये. पण कथामालिकांबाबत माझे मत तेच आहे. कर्ता हयात असेल, त्याने प्रत्येक दृश्य पाहून नवी चौकट बसवली असेल, तर ते नवे काम आहे आणि त्याचा मान ठेवावा. 'बफी' आणि 'द वायर' यांना एकाच मापाने मोजू नये, कारण पहिल्यात ज्याने मालिका घडवली त्याचे ऐकले गेले नाही आणि दुसऱ्यात ऐकले गेले. मला चीड येते ती वेष्टनावर मोठ्या अक्षरांत 'नव्याने सुधारित' असे लिहून चौकट बदलल्याचा उल्लेख कुठेतरी बारीक अक्षरांत टाकतात याची.

हिशोबनीस
दोन्ही आवृत्त्या द्या असे म्हणणे सोपे आहे, पण प्रत्यक्षात ते महाग पडते. दोन थरांच्या ब्लू-रेची क्षमता ५० जीबी. साठ भागांची मालिका दोनदा द्यायची तर डिस्कची संख्या जवळजवळ दुप्पट. त्याखेरीज १६:९ करताना दृश्यागणिक चौकट वरखाली सरकवावी लागते, तो खर्च वेगळा. 'नेक्स्ट जनरेशन'वर एवढा खर्च करूनही विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, म्हणून 'स्टार ट्रेक'चीच पुढची मालिका 'डीप स्पेस नाइन' आजही तशा रूपात ब्लू-रेवर नाही. पण याच हिशोबाने मी उलट निष्कर्ष काढतो. आता डिस्क विकत घेणारे लोक थोडे आणि चोखंदळ उरले आहेत. ज्यांना पट्ट्या नको आहेत ते डिस्क घेतच नाहीत. मग डिस्क काढायचीच तर स्वस्त आणि सरळ मार्ग ४:३ चाच आहे.

नवागत_मिरज
वाचून खूप काही शिकायला मिळाले. मला वडिलांना त्यांच्या आवडत्या जुन्या मालिकांचे संच भेट द्यायचे आहेत. घेण्याआधी चौकट कशी ओळखावी?

खगोल
नवागत, वेष्टनाच्या मागे तांत्रिक माहितीची चौकट असते. तिथे १.३३:१ किंवा ४:३ लिहिले असेल तर मूळ माप, १.७८:१ किंवा १६:९ लिहिले असेल तर, मालिका साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वीची असल्यास, काहीतरी कापले आहे असे धरा. एक गोंधळ होतो : ब्लू-रेचे एचडी चित्र तांत्रिकदृष्ट्या सहसा १९२० × १०८० असते आणि ४:३ मालिकेच्या काळ्या पट्ट्या त्या चित्रातच छापलेल्या असतात. मधला १४४० × १०८० भाग म्हणजे खरी मालिका. त्यामुळे काही दुकानांच्या संकेतस्थळांवर ४:३ संचालाही चुकून १६:९ लिहितात. अशा वेळी त्या संचातली दोन-चार स्थिरचित्रे शोधून पाहा.

दुसरे, प्रदेश-संकेत, म्हणजे डिस्क कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालते ते सांगणारा आकडा किंवा अक्षर, तपासा. भारतात डीव्हीडीसाठी प्रदेश ५ आणि ब्लू-रेसाठी प्रदेश सी. अमेरिकेतले संच १ आणि ए, ब्रिटनमधले २ आणि बी. संकेताचे बंधन असलेली डिस्क साध्या प्लेअरवर चालणार नाही. आणि वडिलांच्या टीव्हीवर चित्राचे माप 'ओरिजिनल' किंवा '४:३' वर आहे ना, हे तुम्ही स्वतः जाऊन पाहा, नाहीतर योग्य डिस्क घेऊनही माणसे जाडीच दिसतील.

सुमेधा_नाशिक
फिल्मवाला यांनी सांगितल्याप्रमाणे झूमचे बटण करून पाहिले. सासूबाईंनी थोडा वेळ तसे पाहिले आणि मग स्वतःच म्हणाल्या की डोक्यावरचे पदर कापले जात आहेत, आधीचेच लाव. चेहरे लहान दिसतात म्हणून आता त्यांची खुर्ची टीव्हीच्या जवळ सरकवली आहे.

चौकटप्रेमी
सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो : मी 'द वायर'चा ब्लू-रे संच घेत नाही. कोल्सबेरी यांनी रचलेली चौकट डीव्हीडीच्या ५७६ रेषांत का होईना पाहायची, असे ठरवले आहे. अनुजाताई, दुसऱ्या पर्वातला कोणता प्रसंग तुम्हाला रुंद चौकटीत खुललेला वाटला तो सांगा. तो भाग मी एका मित्राकडे ब्लू-रेवर पाहीन, डीव्हीडीशी ताडून बघेन आणि इथे लिहीन. इतिहासमित्र, 'द वर्ल्ड ॲट वॉर'च्या जुन्या डीव्हीडी संचाच्या वेष्टनाचे मागचे छायाचित्र टाकता आले तर टाका, म्हणजे जुन्या बाजारात शोधणाऱ्यांना नेमका संच ओळखता येईल.